कापसाचे बियाणे आणि ‘तंत्रज्ञान-स्वातंत्र्या’चा भ्रम

कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या अरिष्टाची चर्चा निघाली की दोन घोषणा हटकून ऐकू येतात. पहिली घोषणा ‘तंत्रज्ञान-स्वातंत्र्या’ची. सरकारी नियंत्रणे हीच शेतकऱ्याच्या पायांतील बेडी आहे. ती तोडा, कंपन्यांना हवे ते बियाणे विकू द्या, शेतकऱ्याला हवे ते पेरू द्या, म्हणजे शेती भरभराटीस येईल, असे तिचे सार. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेने तणनाशकाला दाद न देणाऱ्या, मान्यता नसलेल्या बीटी कापसाची जाहीर लागवड केली आणि या घोषणेला सत्याग्रहाचे रूप दिले. दुसरी घोषणा नेमकी उलट दिशेची. संकरित बियाणे, रासायनिक खते आणि जनुकीय तंत्र यांनीच शेतकऱ्याचा घात केला, सबब आधुनिक विज्ञानाकडे पाठ फिरवून पूर्वजांच्या शेतीकडे परत जावे, असे ती सांगते.

वरवर पाहता या दोन घोषणांत विळ्याभोपळ्याचे वैर आहे. प्रत्यक्षात दोघींची चूक एकच आहे. तंत्रज्ञान हीच शेतीचे भले-बुरे करणारी स्वयंभू शक्ती होय, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. एक तिची आरती करतो, दुसरा तिला शिव्या घालतो. ते तंत्रज्ञान कोणाच्या मालकीचे आहे, कोणाच्या गरजेसाठी घडवले गेले आणि त्याच्या वापरातून निर्माण होणारी वाढ कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न दोघेही टाळतात. यंत्र आणि यंत्राचा भांडवली वापर यांत मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात, १८६७ साली, स्पष्ट भेद केला होता. तो भेद बियाण्यालाही लागू पडतो, आणि भारतातील कापसाचा इतिहास त्याचा बोलका पुरावा आहे.

लँकेशायरच्या गिरण्यांची गरज

हजारो वर्षे या देशात देशी कापूस पिकत आला. त्याची मुळे खोल जात, पावसाचा ताण तो सोसत असे आणि रसशोषक किडींना सहजासहजी बळी पडत नसे. त्याचा धागा आखूड होता, परंतु हातमागावरील विणकराच्या कौशल्याला तो पुरत होता. पेरणीसाठी लागणारी सरकी शेतकऱ्याच्या घरातच राहत असे.

हा कापूस अपुरा ठरला तो इंग्लंडातील यंत्रांपुढे. लँकेशायरच्या गिरण्यांना लांब धागा हवा होता. म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने १८४० च्या सुमारास अमेरिकेतील मळेवाल्यांना भारतात आणून अमेरिकन जातींचे प्रयोग केले. धारवाडच्या परिसराचा अपवाद वगळता ते बहुतांशी फसले. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे तिकडचा पुरवठा तुटला आणि गुजरात, खानदेश, वऱ्हाड येथील कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच भाव कोसळले. तेजीच्या काळात काढलेली कर्जे आणि वाढीव सारा मात्र शेतकऱ्याच्या डोक्यावर तसाच राहिला. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, त्या दख्खनच्या दंग्यांमागील कारणांत या मंदीचाही वाटा होता. कोणते रोप सुधारायचे आणि कशासाठी, हे त्या काळी पेरणाऱ्याने ठरवले नाही. ते खरेदीदाराने ठरवले.

संकराची दोन रूपे

स्वातंत्र्याच्या वेळी देशातील कापसाखालील क्षेत्रापैकी सुमारे ९७ टक्के क्षेत्र देशी जातींखाली होते. फाळणीमुळे सिंध व पश्चिम पंजाब येथील चांगल्या धाग्याचा मुलूख पाकिस्तानात गेला आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांना कापूस आयात करावा लागू लागला. ही अडचण सार्वजनिक विज्ञानाने सोडवली. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. चंद्रकांत पटेल यांनी ‘संकर-४’ हा वाण दिला. व्यापारी लागवडीसाठी तयार झालेला तो जगातील पहिला संकरित कापूस होय. १९७२ साली धारवाडच्या डॉ. कटारकी यांनी ‘वरलक्ष्मी’ दिला. हे संशोधन सरकारी पगारावरील शास्त्रज्ञांनी जनतेच्या पैशातून केले होते. भारतीय विज्ञानाच्या या कर्तृत्वाविषयी अभिमान बाळगण्यात काहीही गैर नाही.

परंतु संकरित वाणाला दुसरेही एक रूप असते. दोन भिन्न वाणांच्या संकरातून आलेल्या पहिल्या पिढीत जो जोम दिसतो, तो त्या पिकाची सरकी पुन्हा पेरल्यावर टिकत नाही. पीक विजोड येते. म्हणजे शेतकऱ्याला दरवर्षी नवे बियाणे विकत घेणे भाग पडते. जी सरकी आजवर त्याच्या घरातील कणगीत होती, ती बाजारातील पाकिटात गेली. संशोधन सार्वजनिक राहिले, पण बियाण्याचे उत्पादन व विक्री पाहता पाहता खाजगी कंपन्यांच्या ताब्यात गेली.

ते पाकीट तयार कसे होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. कापसाच्या संकरासाठी प्रत्येक फुलातील पुंकेसर आदल्या दिवशी हाताने काढून टाकावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग त्याला हातानेच लावावे लागतात. एकेका शेतात लक्षावधी फुलांवर हे काम चालते. गुजरात आणि आंध्र-तेलंगण येथील बीजोत्पादन क्षेत्रांत ते प्रामुख्याने स्त्रिया आणि अल्पवयीन मुली करीत आल्या आहेत. प्रौढ मजुराहून कमी मजुरीत मिळणारी ही बालमजुरी कंपन्यांच्या नफ्याच्या गणितात गृहीत धरलेली होती. आधुनिक जीवशास्त्राचा कळस समजले जाणारे बियाणे शाळा सोडलेल्या मुलींच्या बोटांवर उभे राहिले. विज्ञान पुढे गेले आणि श्रमसंबंध मात्र मागासच राहिले, याचे याहून ढळढळीत उदाहरण शोधण्याची गरज नाही.

संकरित कापसाला पाणी व खत अधिक लागते आणि रसशोषक किडी त्याच्यावर लवकर पडतात. परिणामी फवारण्या वाढल्या. १९८० च्या दशकात आलेल्या कृत्रिम पायरेथ्रॉइड औषधांना बोंडअळी काही वर्षांतच सरावली. १९८७-८८ च्या हंगामात आंध्रातील गुंटूर व प्रकाशम जिल्ह्यांत आणि १९९७-९८ मध्ये वारंगळ जिल्ह्यात पीक बुडाले, कर्ज थकले आणि शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. १९९० च्या दशकात लागवडीखालील क्षेत्राच्या जेमतेम ५ टक्के क्षेत्रावर असलेल्या या एका पिकासाठी देशातील सुमारे निम्मी कीटकनाशके वापरली जात होती. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे खापर सर्वस्वी बीटी जनुकावर फोडणाऱ्यांनी या तारखा तपासाव्यात. तेव्हा देशात बीटी कापसाचे एकही झाड कायदेशीररीत्या विकले जात नव्हते. सावकारी व दुकानदारी कर्ज, कोरडवाहू जमीन आणि बेभरवशाचा भाव हे फास बीटीच्या आधीपासून आवळलेले होते.

पेटंटावाचून वसूल झालेला खंड

मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारने महिको-मोन्सँटोच्या तीन बीटी संकरित वाणांना मान्यता दिली. मातीत आढळणाऱ्या एका जिवाणूचे जनुक झाडात बसवल्याने झाडच बोंडअळीला मारक असे प्रथिन तयार करते, हे त्याचे शास्त्र. सुरुवातीच्या वर्षांत बोंडअळीसाठीच्या फवारण्या खरोखरच घटल्या. शेतकऱ्याने हे बियाणे स्वीकारले ते अज्ञानापोटी नव्हे. अळीने त्याला जेरीस आणले होते.

त्याची किंमत मात्र पाहण्यासारखी होती. ४५० ग्रॅमच्या एका पाकिटाला १६०० रुपये, आणि त्यांपैकी १२०० रुपयांहून अधिक रक्कम जनुकाच्या वापराचे शुल्क म्हणून. यातील मर्म असे की, या पहिल्या जनुकावर कंपनीचे भारतात पेटंटच नव्हते. मग कोणत्याही कायदेशीर मक्तेदारीविना हा खंड दरवर्षी वसूल झाला कसा? उत्तर वर येऊन गेले आहे. जनुक संकरित वाणात बसवले होते, आणि संकरित वाणाचे बियाणे शेतकरी घरी राखू शकत नाही. पेटंटाचे काम संकरानेच केले. वाण-संरक्षण व शेतकरी-हक्क कायदा, २००१ याने आपल्या शेतातील बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि नाममुद्रा न लावता विकण्याचाही हक्क भारतीय शेतकऱ्याला दिला आहे. जगातील फार थोड्या देशांत असा हक्क आहे. परंतु जे बियाणे राखून उपयोगच नाही, त्याच्यावरचा हक्क कागदावरच राहतो.

२००६ साली आंध्र प्रदेश सरकार या लुटीविरुद्ध मक्तेदारी आयोगाकडे गेले आणि पाकिटाची किंमत ७५० रुपयांवर आली. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेश काढला आणि पुढील वर्षी जनुकाचे शुल्क ५० रुपयांच्या आत आणले. नियंत्रणाने तंत्रज्ञान मरते, असे सांगणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे: २००६ मध्ये किंमत निम्म्याहून खाली आली, त्यानंतरच बीटीखालील क्षेत्र वाढत जाऊन ९० टक्क्यांच्या पुढे गेले. नियंत्रणाने तंत्रज्ञान मेले नाही. कमी झाला तो फक्त खंड.

एकच जनुक, दोन निकाल

आता निकाल पाहू. अमेरिकेत ऑक्टोबर २०१८ मध्ये कृषी खात्याने गुलाबी बोंडअळीचे कापूस पट्ट्यातून पूर्ण उच्चाटन झाल्याचे घोषित केले. साधन होते बीटी कापूस, वंध्य केलेल्या पतंगांचे विमानातून विसर्जन, हंगामानंतर शेत स्वच्छ करण्याची सक्ती आणि संपूर्ण प्रदेशात एकाच वेळी राबवलेली सामुदायिक मोहीम. खाजगी मालकीचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या देशातही हा विजय सार्वजनिक नियोजनावाचून मिळाला नाही. चीनने १९९७ पासून बीटी कापूस लावला, पण तेथील सार्वजनिक संशोधन संस्थेने स्वतःचे जनुक विकसित केले आणि मोठ्या क्षेत्रावर ते सरळ वाणांत दिले. त्यामुळे परकी कंपनीची मक्तेदारी तेथे जमू शकली नाही.

भारतात मात्र २०१० मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देईनाशी झाल्याचे कंपनीलाच मान्य करावे लागले. दोन जनुकांच्या बियाण्याचीही तीच गत त्या दशकाच्या मध्यापर्यंत झाली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्र व तेलंगणात बोंडेच्या बोंडे किडली. जनुक तेच, अळी तीच. मग निकाल वेगळा का?

कारण पीकपद्धतीत आहे. अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया येथे सरळ वाणांची बुटकी झाडे हेक्टरी लाखाच्या घरात दाटीने लावली जातात, आणि पाच-साडेपाच महिन्यांत पीक निघून शेत मोकळे होते. अळीला पुढच्या हंगामापर्यंत अन्न उरत नाही. आपल्याकडे बियाणे ग्रॅमवर विकले जाते. एकराला एक पाकीट, म्हणून झाडे विरळ, हेक्टरी १० ते २० हजार. विरळ झाडाला डेरेदार व्हायला आणि पुरेशी बोंडे द्यायला वेळ लागतो; पीक सहा-सात महिने उभे राहते. हाती पैसा नसलेला शेतकरी शेवटच्या बोंडासाठी फरदड घेतो, आणि त्या फरदडीवर गुलाबी अळीच्या पिढ्या पोसल्या जातात. शिवाय महाराष्ट्रातील बहुतांश कापूस कोरडवाहू आहे. लांब मुदतीचे पीक बोंड भरण्याच्या ऐन वेळी जमिनीतील ओल संपल्याने मार खाते. दाट लागवडीला एकरी काही किलो बियाणे लागते आणि संकरित बियाण्याच्या भावात ते कोणाही शेतकऱ्याला परवडणार नाही. थोडक्यात, लागवडीचे अंतर शेतीशास्त्राने नव्हे, तर कंपनीच्या पाकिटाने ठरवले.

उत्पादकतेचे आकडे काय सांगतात? २००२-०३ मध्ये हेक्टरी सुमारे ३०० किलो रुई निघत होती. २००७-०८ मध्ये ती ५५० च्या वर गेली. ‘बीटीची क्रांती’ म्हणून याचा गाजावाजा झाला. परंतु केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक के. आर. क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले की, या वाढीचा मोठा भाग बीटीखालील क्षेत्र अद्याप अल्प असतानाच झाला होता. खतांचा वाढता वापर, गुजरातेतील सिंचन आणि नवी कीटकनाशके यांचा त्यात मोठा हात होता. पुढे जवळजवळ सारे क्षेत्र बीटीखाली गेले आणि उत्पादकता मात्र खाली घसरून ४५० किलोच्या आसपास रेंगाळत राहिली. ही पातळी चीन व ब्राझीलच्या निम्म्याहूनही कमी आहे. कीटकनाशकांवरील खर्च पुन्हा बीटीपूर्व पातळीच्या पुढे गेला. २०१५ मध्ये पंजाबच्या मालवा भागात पांढऱ्या माशीने बीटी कापूस उद्ध्वस्त केला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. हातमोजे नाहीत, मुखवटा नाही, पाठीवर पंप आणि डोक्याएवढ्या वाढलेल्या कापसात दिवसभर फवारणी: फवारणी थांबवण्याचे वचन देणाऱ्या तंत्रज्ञानाच्या १५ वर्षांनंतरचे हे चित्र आहे.

कोणाचे स्वातंत्र्य?

या अनुभवानंतरही ‘तंत्रज्ञान-स्वातंत्र्या’चे पुरस्कर्ते नव्या पाकिटाची मागणी करतात. विदर्भात ‘चोर बीटी’ या नावाने ओळखले जाणारे तणनाशक-सहनशील बियाणे चोरून विकले जाते. त्याची पावती नाही. उगवले नाही तर तक्रारीला जागा नाही. ते पेरणारा शेतकरी गुन्हेगार नाही, तो निंदणीच्या खर्चाने पिचलेला आहे, हे मान्य केलेच पाहिजे. त्याच्यावर खटले भरण्याने काहीही साधणार नाही. परंतु निंदणी म्हणजे ग्रामीण भागातील भूमिहीन स्त्रियांची पावसाळ्यातील मुख्य मजुरी आहे, हेही तितकेच खरे. कंबर मोडणाऱ्या कामातून माणसाची सुटका करणाऱ्या कोणत्याही साधनाला कष्टकऱ्यांचा तत्त्वतः विरोध असू शकत नाही. प्रश्न असा की, वाचलेली मजुरी जाते कोठे? ती बियाणे व तणनाशक विकणाऱ्या कंपनीकडे जाते, आणि मजूर स्त्री कामावाचून घरी बसते. ज्या स्वातंत्र्यात पर्यायी काम, किमान वेतन आणि रोजगार हमी यांचा उच्चारही नाही, ते स्वातंत्र्य विकणाऱ्याचे आहे.

मुक्त बाजाराची कसोटी भावाच्या वेळीही लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये, अमेरिकेने भारतीय मालावर जबर आयातकर लादला असताना, केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क ऐन वेचणीच्या तोंडावर उठवले आणि ती सवलत वर्षअखेरपर्यंत वाढवली. गिरणीमालकांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून भावाचा बोजा शेतकऱ्यावर ढकलला गेला. उद्या उत्पादन दुप्पट करणारे बियाणे जरी आले, तरी भाव पाडण्याची सत्ता दुसऱ्याच्या हाती असेल तर वाढीचा लाभ शेतकऱ्याच्या हाती लागणार नाही.

मागे जाण्याचा मार्ग नाही

दुसऱ्या घोषणेचा समाचार थोडक्यात घेता येईल. देशी कापसाचे गुण खरे आहेत; कोरडवाहू हलक्या जमिनीसाठी त्याच्यावर संशोधन झालेच पाहिजे. परंतु ज्या ‘सुवर्णकाळा’चे गोडवे गायले जातात, त्यात दुष्काळ होते, सावकार होता आणि गावकुसाबाहेर अडवलेला भूमिहीन दलित होता. शेणखताची शेती सांगताना गुरे कोणाकडे आहेत, हे विचारले जात नाही. खंडाने जमीन कसणाऱ्याकडे ना गुरे, ना चारा. २०२१ साली श्रीलंका सरकारने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भात व चहाचे उत्पादन कोसळले आणि काही महिन्यांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. खतांचा वापर कमी करणे हेदेखील विज्ञानाचेच काम आहे. त्याला मृदपरीक्षण लागते, कृषिविस्तार लागतो, संक्रमणाच्या वर्षांतील तूट भरून काढणारी सार्वजनिक मदत लागते. विज्ञानाला हद्दपार करून ते होत नाही. आणि जेव्हा सरकार कृषिसंशोधनावरील खर्चात हात आखडता घेते, तेव्हा ‘मागे चला’ची घोषणा त्याच्या पथ्यावरच पडते.

लढ्याच्या मागण्या

यावरून कार्यकर्त्यांनी काय निष्कर्ष काढावा? शेतीतील विज्ञान हे श्रमिक जनतेचे धन आहे. ते कंपन्यांच्या तावडीतून सोडवणे हा बियाण्याच्या लढ्याचा गाभा आहे. त्या दृष्टीने पुढील मागण्या किसान आणि शेतमजूर संघटनांनी एकत्रितपणे गावोगाव नेल्या पाहिजेत:

१. कमी मुदतीचे, दाट लागवडीस योग्य असे सरळ वाण, आवश्यक तेथे बीटी जनुकासह, सार्वजनिक संस्थांनी पुरेशा प्रमाणात तयार करून राज्य बियाणे महामंडळे व सहकारी संस्थांमार्फत पुरवावेत. असे वाण संशोधन केंद्रांत तयार झालेही आहेत. ते बाजारात पोहोचत नाहीत, कारण त्यांत दरवर्षीची विक्री नाही.

२. बियाणे राखण्याचा व वाटण्याचा २००१ च्या कायद्यातील हक्क नव्या कोणत्याही बियाणे कायद्यात अबाधित राहावा. सदोष बियाण्याची नुकसानभरपाई कंपनीने ठरावीक मुदतीत द्यावी आणि किंमत नियंत्रण चालू राहावे.

३. गुलाबी बोंडअळीचा बंदोबस्त एकेका शेतकऱ्यावर न सोडता तालुकावार सार्वजनिक मोहीम म्हणून व्हावा. फरदड बंद करणाऱ्याला रब्बीचे पाणी, बियाणे व कर्ज मिळावे.

४. राष्ट्रीय शेतकरी आयोगाने २००६ मध्ये शिफारस केल्याप्रमाणे सर्व उत्पादनखर्चाच्या दीडपट आधारभाव आणि वेळेवर सरकारी खरेदी मिळावी; तिचा लाभ खंडकरी व कुळांनाही मिळावा.

५. फवारणी करणाऱ्या मजुरांना संरक्षक साधने, विमा व किमान वेतन मिळावे. बीजोत्पादनातील बालमजुरीबद्दल कंपनीला जबाबदार धरण्यात यावे.

या मागण्यांत बागायतदार आणि कोरडवाहू शेतकरी, लहान शेतकरी आणि मजूर यांचे हितसंबंध सगळीकडे सारखे नाहीत, हे लपवण्याचे कारण नाही. मजुरी वाढवायची की भाव, असा पेच मालक वर्ग मुद्दाम उभा करतो. किफायतशीर भाव आणि न्याय्य मजुरी या दोन्ही गोष्टी कंपन्या, व्यापारी व गिरणीमालक यांच्या नफ्यातूनच येऊ शकतात, हे पटवून देणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. गुंटूरपासून भटिंड्यापर्यंत आणि राजकोटपासून यवतमाळपर्यंत शेतकऱ्याच्या हातात पडणारे पाकीट एकाच घडणीचे आहे. त्याविरुद्धची लढाई प्रांताप्रांतांत विखुरलेली राहून चालणार नाही.